दुसऱ्या रविवारची मराठी

आमच्या चर्चच्या मंडळीतली मराठी उपासना कुणी बाहेरून येऊन बंद पाडली नाही. दगड आला नाही, घोषणा झाल्या नाहीत, दाराला कुणी कुलूप लावलं नाही. आमच्याच माणसांनी पंख्याखाली बसून, हात वर करून ती बंद केली, आणि त्यातला पहिला हात माझ्या बाईंचा होता. हे आधीच सांगून टाकते. मला गोष्ट लांबवता येत नाही. पत्रकं लिहून लिहून हात तसाच झालाय. पहिल्या ओळीत मुद्दा आला नाही तर लोक त्या कागदात भजी बांधून घेतात.

बाई म्हणजे आमच्या रविवारच्या शाळेच्या बाई. सरकारी शाळेतून रिटायर झालेल्या, लग्न न केलेल्या, शनवाऱ्याच्या वेशीजवळ दोन खोल्यांत एकट्या राहणाऱ्या. बुऱ्हाणपुरात आमच्या मंडळीतल्या दोन पिढ्या त्यांच्या हाताखालून गेल्या. बाकी ठिकाणी रविवारच्या शाळेत नोहाचं तारू आणि दाविदाची गोफण शिकवतात. बाई तेही शिकवायच्या, पण ऑक्टोबर लागला की सगळं बाजूला सारून इतिहास घ्यायच्या. जर्मनीतला तो मठातला साधू, त्याने ऑक्टोबरातच चर्चच्या दाराला लावलेला तक्रारींचा कागद, पापांची माफी विकत फिरणारे पोपचे लोक, नवे नवे छापखाने आणि गावोगाव पोचलेली चार-चार पानांची पत्रकं. मग इंग्लंड, मग जहाजं, मग बंगालात बसून मराठी शास्त्र, म्हणजे बायबल, छापणारा, आधी जोडे शिवणारा एक इंग्रज. मग दुष्काळात पोरं गोळा करणारे अमेरिकन साहेब, त्या पोरांतले आमचे नगरकडचे पूर्वज, आणि शेवटी कागद कारखान्यात नोकरी लागली म्हणून मध्य प्रदेशात आलेले आमचे आजोबा. बाईंच्या फळ्यावर जर्मनी आणि आमचा कारखाना एकाच खडूच्या रेघेवर असायचे. मला ते लहानपणी अजिबात विचित्र वाटायचं नाही. उलट बाकीच्या पोरांना आपला कारखाना जर्मनीपासून सुरू होतो हे माहीत नाही, याची कीव यायची.

एक मुद्दा बाई दरवर्षी घोकून घ्यायच्या. लोकांना न कळणाऱ्या भाषेत देव ठेवला होता, आणि त्या साधूने तो घरच्या भाषेत आणला. बाजारात भाजी घेणाऱ्या बाईला कळेल अशा भाषेत. "ज्याला कळतं त्याला फसवता येत नाही," असं बाई म्हणायच्या आणि फळ्यावर खडू आपटायच्या.

मी दहा वर्षांची असताना त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला. आपल्या मंडळीत काय चुकतं ते लिहा, दाराला लावू. मी लिहिलं की प्रभुभोजनाच्या वेळी मंडळीचा कारभार बघणारे पंच लोक स्वतःला भाकरीचा मोठा तुकडा घेतात. बाईंनी तो कागद खरोखरच दाराला लावला. आठवडाभर राहिला. एक पंचकाका माझ्या वडिलांशी महिनाभर बोलले नाहीत, आणि वडील बिचारे भाकरीचा तुकडा फारच छोटा घ्यायला लागले. मी बिघडले ती त्या रविवारी. कॉलेजनंतर यंत्रमाग कामगारांच्या एका लहानशा संघटनेत लागले ते पत्रकं लिहायलाच. ती हिंदीत. बुऱ्हाणपुरात दुसऱ्या कशात लिहिणार?

घरी मात्र मराठी. आमची मराठी नगरची राहिलेली नाही, खानदेशातून हिंडून हिंदीत बुडवून काढलेली आहे. पण आईची प्रार्थना, आईचा राग आणि आईचं शास्त्रवाचन मराठीत. आई चौथीतून निघालेली. लग्न होऊन इकडे आल्यावर बाईंनी तिला मराठी शास्त्र वाचायला बसवलं. रोज दुपारी, कांदे चिरता चिरता, मोठ्याने. दोन वर्षांत आई असं वाचायला लागली की दुसऱ्या रविवारचा शास्त्रपाठ तिच्याकडेच आला.

दुसरा रविवार म्हणजे मराठीचा. बाकीचे रविवार हिंदी. हिंदीला बाकं, कीबोर्ड, ड्रम आणि भिंतीवर शब्द दाखवणारं यंत्र. मराठीला बाकं भिंतीकडे सरकवायची, सतरंज्या अंथरायच्या, चपला बाहेर, पेटी, तबला आणि टाळ. आमची जुनी गाणी अभंगाच्याच चालीवरची. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत भजन चाललंय. आत भजनच चाललेलं असायचं, देव आमचा.

मग आई वाचायची. हिंदीची अक्षरंही तीच आहेत, आई हिंदी वाचू शकते. पण हिंदी ती वाचते, मराठी ती सांगते. ऐकणाऱ्याला हा फरक लगेच कळतो.

तो कळला जवळच्या बहादरपूर गावच्या काकूंना. घरी केळीचा मळा, देव्हारा, एकादशी सगळं रीतसर. आई केळीच्या चिप्सच्या कारखान्यात साली काढायला जाते, तिथे काकूही यायच्या, सुनेशी पटत नव्हतं म्हणून. काम करता करता आई गोष्टी सांगायची. बारा वर्षं अंगावरून जात असलेल्या बाईची गोष्ट आईने सांगितली, ती बाई गर्दीत मागून येऊन येशूच्या कपड्याच्या टोकाला हात लावते ती. काकूंनी सुरी खाली ठेवली म्हणे. हे असलं बायकांचं तुमच्या पोथीत लिहिलंय का, असं त्यांनी विचारलं. आई म्हणाली, लिहिलंय, येऊन ऐका. पुढच्या दुसऱ्या रविवारी काकू आल्या आणि अगदी मागे, दाराशी बसल्या. काही महिन्यांनी जावेला आणलं. एकदा तुकईथड गावची पाहुणी आणली. त्यांना कुणी काही विचारलं नाही, कुणी काही दिलं नाही. टाळ वाजवायला दिले तेवढेच. ते काकू आमच्या लोकांपेक्षा चांगले वाजवायच्या.

मग चर्चला नवे पाळकसाहेब आले. छत्तीसगडकडचे, तरुण, नीट माणूस. माझा त्यांच्यावर राग नाही. आम्ही त्यांना "सलाम, पाळकसाहेब" म्हणायचो, ते "जय मसीह की" म्हणायचे, आणि दोन्हीकडून हसून विषय संपायचा. एका रविवारी त्यांनी जाहीर केलं की मंडळी एक, तर उपासनाही एकच असावी आणि ती हिंदीत. पुढच्या सर्वसाधारण सभेत ठराव येईल.

मी त्याच दिवशी पत्रक लिहायला घेतलं. मराठीत. जर्मनीपासून कारखान्यापर्यंत सगळं घातलं, बाईंच्या फळ्यावरचं जसंच्या तसं. ज्या माणसांनी देवाला घरच्या भाषेत आणलं त्यांच्या नावाने उभी राहिलेली मंडळी आईच्या भाषेला दाराबाहेर काढते आहे, असं शेवटी. ते घेऊन बाईंकडे गेले. बाईंनी चष्मा लावला, दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, छान आहे, पण हिंदीत कर. ज्यांना पटवायचंय त्या पोरांना मराठी बोलता येतं, वाचायला लावलं तर पळून जातात. हे खरं होतं. मी तिथेच बसून हिंदी केलं. बाईंनी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं. सभेत तुम्ही उठाल ना, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, "उठेन."

सभा उपासनेनंतर झाली. मी सगळ्यात पुढे, माईकजवळ. पत्रक प्रत्येकाच्या हातात होतं. पाळकसाहेबांनी त्यांची प्रत वर धरली आणि शांतपणे म्हणाले, "बहन, पर्चा बहुत अच्छा लिखा है। और हिंदी में लिखा है।"

लोक हसले. मीही हसले असते, दुसऱ्या कुणाचं असतं तर. मी काहीतरी उत्तर दिलं, वाचायची भाषा वेगळी आणि देवाशी बोलायची वेगळी, वगैरे. आणि मग बाई उठल्या. मला हायसं वाटलं, ते अजून आठवतं. बाई म्हणाल्या की मुलं आता हिंदीत विचार करतात, म्हातारी माणसं किती दिवसांची, मंडळी फुटू नये, मी ठरावाच्या बाजूने आहे. एवढंच. आणि हात वर करून उभ्या राहिल्या. माझ्या पत्रकात दुरुस्ती करणारा हात.

त्यानंतर मी मान खाली घालून फरशीकडे बघत बसले. ठराव मंजूर झाला हे कानांनी ऐकलं.

दोन दिवस मी बाईंशी मनातल्या मनात भांडले, तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांच्या घरी गेले. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या. बस म्हणाल्या. मी बसले नाही.

मला एक गोष्ट त्यांना सांगायचीच होती. कॉलेजच्या ग्रंथालयात मी जर्मनीचा तो इतिहास पुन्हा वाचला होता, आणि त्यात एक भाग होता जो बाईंच्या फळ्यावर कधीच आला नव्हता. त्या साधूचं लिहिणं शेतकऱ्यांनी वाचलं. कुणी वाचलं, कुणी वाचून घेतलं. देवापुढे सगळे सारखे, तर मग आम्ही वेठबिगार का, असं म्हणून ते उठले. आपल्या मागण्या लिहून त्यांनीही छापल्या, पत्रकच काढलं. त्यांना वाटलं, हा आपल्या बाजूने उभा राहील. त्याने उलट सरदारांना लिहिलं की यांना ठेचा, मारा. सरदारांनी मारले. हजारोंनी मारले. ज्याच्या शब्दांवर विश्वास ठेवून ते रस्त्यावर आले, त्यानेच.

"हे तुम्ही आम्हाला कधी शिकवलं नाहीत," मी म्हणाले.

बाईंचे हात सुपात थांबले. "मला माहीत होतं ते."

"मग का नाही शिकवलं?"

"तो भ्याला. भ्यालेल्या माणसाचं लहान पोरांना काय शिकवायचं?" मग सूप जवळ ओढून म्हणाल्या, "मीही भ्यालेय. आता काय शिकवायचं असेल ते तू मला शिकव."

आणि मग त्यांनी सांगितलं. सभेच्या महिनाभर आधी कुणीतरी पोलीस ठाण्यात अर्ज दिला होता, की या चर्चमध्ये भजनाच्या नावाखाली आसपासच्या गावांतल्या हिंदू बायकांना फूस लावून आणतात. अर्जात बहादरपूरचा उल्लेख होता. बायकांना आणणारी म्हणून एका बाईचं नाव होतं, नवऱ्याच्या नावासकट, चिप्सच्या कारखान्याच्या पत्त्यासकट. माझ्या आईचं. पंचांना बोलावून विचारणा झाली. पंच घाबरून बाईंकडे आले, कारण मंडळीत कागद नीट लिहिणारं माणूस दुसरं नाही. भजनासारखा कार्यक्रम बंद करतो, बाहेरच्या कुणाला उपासनेत बसू देणार नाही, असं पत्र गेलं. बाईंच्या अक्षरात.

म्हणजे हिंदीचा ठराव पोरांसाठी नव्हता, मंडळी फुटू नये म्हणूनही नव्हता. मराठी बंद करायची होती कारण ती दाराशी बसलेल्या बायकांना कळत होती. नुसती कळत नव्हती, पोचत होती. लोकांना कळणार नाही अशी भाषा ठेवायची, हेच तर पोपवाले करत होते, आणि हेच चूक आहे असं ऑक्टोबर महिन्यात दरवर्षी मला शिकवलं गेलं होतं. मी हे सगळं बाईंना सुनावलं. आवाज चढवून सुनावलं. बाई ऐकत राहिल्या, तांदळातला खडा काढून बाजूला ठेवत राहिल्या.

"मला सांगायचं होतंत," मी म्हणाले.

"तू पत्रक काढलं असतंस."

"काढलंच असतं."

"त्यात तुझ्या आईचं नाव आलं असतं."

"मी घातलं नसतं."

"तू नसतंस घातलं. पण वाचणाऱ्यांना कळलं असतं. तू कळेल असंच लिहितेस." हे बाई कौतुकाने म्हणाल्या की आणखी कशाने, ते मला सांगता येणार नाही. "आणि तुला सांगू नका असं मला तुझ्या आईनेच सांगितलं. तिचाही हात वर होता. तू मागे वळून बघितलं नाहीस."

मी चालत घरी आले. रिक्षात बसले असते तर रडले असते आणि रिक्षावाले आमच्या गल्लीतले.

आई ओट्यापाशी होती. मी विचारलं, तुझा हात होता का. ती म्हणाली, होता. मी म्हणाले, अगं, गोष्ट सांगणं हा गुन्हा नाही, तू कुणाला पैसे दिलेस का, धमकी दिलीस का, लग्न लावलंस का, मी तो धर्मांतराचा कायदा वाचलाय. आईने गॅस बारीक केला.

"तू वाचलायस ना. मग जो विचारायला येईल त्यानेही वाचला असेल, असं तू मला लिहून दे."

मला लिहून देता आलं नाही. यंत्रमागवाल्या किती माणसांना मी कागदावर लिहून दिलंय, घाबरू नका, कायदा तुमच्या बाजूने आहे. आईला देता आलं नाही. मला आईचा राग आला, मग स्वतःचा आला, मग पुन्हा आईचा. बाईंनी इतिहास अर्धा शिकवला, आईने हात वर केला, आणि दोघींनी मिळून ठरवलं की माझ्यापासूनच जपायला हवं. मी ज्यांच्यासाठी लढत होते त्यांनी मला लढू दिलं, कारण मी हरणार हे त्यांना माहीत होतं. याला मी अजून दुसरं नाव शोधलेलं नाही. विश्वासघातच म्हणते. माझ्यावरच्या प्रेमापोटी होता हे मान्य करूनही.

आईने त्यानंतर चिप्सच्या कारखान्यातली पाळी बदलून घेतली. म्हणजे काकूंशी तिची गाठच पडली नाही, आणि त्यांना काहीच कळलं नव्हतं.

दुसरा रविवार आला. सकाळी आई साडी नेसून तयार झाली, हिंदीचं पुस्तक पिशवीत टाकलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "काकू येतील. फाटकावर तू थांब. तुला बोलता येतं चांगलं."

मी थांबले. नाही म्हणायला हवं होतं. मी मनात सगळं तयार केलं होतं. अर्ज, पत्र, खरं कारण, सगळं सांगायचं, मराठीत, तोंडावर. मला दुसरं काही येतच नाही.

रिक्षा थांबली. काकू उतरल्या, त्यांची जाऊ उतरली. काकूंनी नवी साडी नेसली होती. आतून कीबोर्ड ऐकू येत होता. काकूंनी कान दिला आणि म्हणाल्या, "आज पेटी नाई लावली का वो?"

मी म्हणाले, मराठी बंद झाली काकू, आता सगळे रविवार हिंदीच.

"काऊन?"

आणि इथे मी, दहाव्या वर्षी भाकरीच्या तुकड्यावरून दाराला कागद लावणारी मी, म्हणाले, "मुलं आता हिंदीत विचार करतात. म्हणून."

बाईंचं वाक्य, अगदी तस्संच. खरं सांगितलं असतं तर आईचं नाव त्यांच्या घरापर्यंत गेलं असतं, तिथून गावात, आणि अर्ज गावातूनच कुणी दिला असेल तर पुन्हा तिथेच. हे सगळं मला त्या एका क्षणात दिसलं. बाईंना महिनाभर दिसत असेल.

काकू हसल्या. "मंग काय झालं? मले येते हिंदी. टीव्हीवरच्या साऱ्या सासू-सुना हिंदीतच भांडतात. बसतो ना आमी मांगं."

त्या पुढे निघाल्या. मला फाटकात आडवं उभं राहावं लागलं. म्हणजे मी खरंच उभी राहिले, हात फाटकाच्या गजावर.

"काकू, बाहेरच्यांना बसू देत नाहीत आता. कमिटीनं ठरवलंय."

"बाहेरचे म्हंजे कोन?"

त्यांनी माझ्या गजावरच्या हाताकडे बघितलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

"तुह्या मायले ठाव हाये हे?"

मी हो म्हणाले. ते तरी खरं बोलायला हवं होतं म्हणून म्हणाले, की सगळं माझ्या एकटीच्याच माथी का म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेले नाही.

काकूंनी पदर सारखा केला. मागे जाऊ रिक्षावाल्याशी बोलत उभी होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. ती म्हणाली, काय झालं, चलायचं ना आत. काकू वळल्या आणि तिला सांगितलं, "नाई व. आज सुट्टी हाये त्याईची."

मग त्या दोघी त्याच रिक्षात बसून गेल्या.